आईच्या किडन्या विकल्या म्हणणाऱ्याच्या घरी

आसगावची रुपा भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतातून परतताना तिच्या आईला, गोदावरीबाईला, एका गाडीनं उडवलं. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू मेला आहे, छाती हलते ती यंत्रामुळे. अवयवदानाचा विषय रुपानंच काढला. वडील धनीराम आधी ऐकूनच घेईनात. मग स्वतःच म्हणाले, दारात आलेल्याला तिनं कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही, आता तरी कशाला पाठवायचं. गोदावरीबाईचं यकृत आणि दोन्ही किडन्या दिल्या गेल्या. कोणाला, ते घरच्यांना सांगत नाहीत.

तेरवी आटोपून रुपा कॉलेजात आली, तर तिला बघून मुली बोलता बोलता गप्प होऊ लागल्या. शेवटी चंद्रकांता या मैत्रिणीनं सांगून टाकलं. रुपाच्या बापानं बायकोच्या किडन्या विकल्या, असं वर्गभर झालं होतं. गावापर्यंतही पोचलं होतं. आणि हे पसरवलं होतं तिच्याच वर्गातल्या भुपेंद्रनं. हाच भुपेंद्र गेल्या वर्षी अवयवदानाच्या पथनाट्यात डॉक्टर झाला होता. चौकात त्यानं खड्या आवाजात शपथ सांगितली, त्याच्यासह सगळ्या वर्गानं हात वर करून ती घेतली, फोटो पेपरात आले.

रुपाचं डोकं सणकलं. ती कोणा सरांकडे गेली नाही. सरळ जवाहरनगरला, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत, भुपेंद्रच्या क्वार्टरवर गेली. भुपेंद्र घरीच होता. त्याच्या आईनं, उषाबाईंनी, चहा पुढे केला. रुपानं कपाला हात लावला नाही.

"काकू, यानं भर चौकात अवयवदानाची शपथ घेतली. तुम्हाले सांगितलं काय?"

उषाबाईंना काहीच ठाऊक नव्हतं. असलं अभद्र आमच्या घरात कोणी बोलत नाही, त्या म्हणाल्या.

"मग शपथ काहून घेतली रे?" रुपानं भुपेंद्रला विचारलं.

भुपेंद्र खाली बघत पुटपुटला, सगळ्यांनीच घेतली होती, सरांनी सांगितलं होतं. आणि किडन्यांचं? असं फुकट कोण देतं, असं त्याला वाटलं होतं. वाटलं, म्हणून बोलला.

"अवयव विकणं गुन्हा आहे, हे नाटकात तूच ओरडून सांगत होता," रुपा म्हणाली. "तुले तुझ्याच बोलण्यावर भरवसा नव्हता, अन् माझ्या बापाले गुन्हेगार करून मोकळा झाला. आता आसगावले ये, अन् त्याईच्या तोंडावर सांग."

रविवारी उषाबाई पोराला घेऊन आसगावला आल्या. ओसरीवर शेजारपाजारचे बसले होते. ती गोष्ट खोटी होती, मीच पसरवली, असं भुपेंद्रनं सगळ्यांदेखत सांगितलं. धनीरामनं ऐकून घेतलं, त्याला पाणी दिलं. उषाबाईंनी हळूच विचारलं, अवयव काढून घेताना तिला दुखलं तर नसेल ना. धनीरामनं नुसती मान हलवली, नाही म्हणून.

रुपा बाहेर आली नाही. आत चुलीपुढे ती धुमसत बसली होती. एवढं खरं बोलायलासुद्धा त्या शिकल्यासवरल्या पोराला त्याच्या आईचा हात धरून यावं लागलं होतं.