टॉवर पापनाशमच्या रस्त्याला गेला

आम्हा तंजावूरच्या मराठी माणसांना एक खोड आहे. चारचौघांत खासगी बोलायचं झालं की आम्ही खुशाल मराठीत बोलतो. साडीच्या दुकानात दुकानदाराकडे हसून बघत 'रंग विटका आहे, चल पुढे' म्हणायचं आणि त्याला तमिळमध्ये सांगायचं, फार सुंदर आहे, नंतर येतो. भिंतीआड गेल्यासारखं वाटतं. मी आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या माझ्या जाऊबाई, आम्ही दोघी यात पटाईत.

नवरा गेल्यावर घरात मराठी बोलायला मुलगाच उरला होता. तोही नोकरीसाठी बंगळूरला गेला. मोबाइल तेव्हा गावात नवाच होता. त्याने मला एक पाठवला आणि घरचा जुना फोन काढून टाकायला लावला. हा कसा, नेहमी खिशात राहील, म्हणाला. आईच्या साडीला खिसा नसतो हे त्याच्या लक्षात आलं नाही. घरात सिग्नलही नव्हता. माडीवर, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर एक पाय ठेवून उभं राहिलं तर त्याचा आवाज यायचा. जेवलीस का, एवढं ऐकू यायचं. काय जेवले ते सांगेपर्यंत तो गेलेला असायचा. टीचर संध्याकाळी कुठलं योगासन करतात, अशी गल्लीत चौकशी झाली.

अशात एका मोबाइल कंपनीने टॉवरसाठी आमच्याच गल्लीतल्या शाळेला लागून असलेलं घर निवडलं. मी तिथे गणित शिकवायची. पालक घाबरले. लहरींनी मुलांची डोकी दुखतील, काहीतरी भलतंच होईल, असं कुणी म्हणे; कुणी म्हणे, काही होत नाही. खरं काय ते मला कळत नव्हतं, आणि ज्याला कळतं असं कुणी दिसतही नव्हतं. शाळेने सभा बोलावली. शाळेतर्फे मी बोलायचं ठरलं, कारण न थांबता बोलण्यात माझा हात कुणी धरत नसे.

सभेला कंपनीचा एक तरुण आला होता. आमच्याच रांगेत बसून कागद चाळत होता. माझी पाळी यायच्या आधी मी शेजारी बसलेल्या जाऊबाईंना म्हटलं, अगदी नेहमीच्या आवाजात, "येऊ दे बाई तो टॉवर. लेकाचा आवाज तरी नीट ऐकू येईल."

"मग तसंच सांग की उठून," म्हणून त्या पदरात हसल्या.

मी उठले आणि तमिळमध्ये बरोबर उलटं बोलले. ज्याचं नक्की माहीत नाही ते पोरांच्या डोक्यावर कशाला, जरा लांब न्या. टाळ्या पडल्या. तो तरुण उत्तर द्यायला उभा राहिला, माझ्याकडे वळला आणि हळूच, चांगल्या घाटावरच्या मराठीत म्हणाला, "आणि काकू, तुमच्या लेकाचं काय?"

लोकांना वाटलं, काहीतरी तांत्रिक विचारतोय. जाऊबाई पंख्याकडे बघू लागल्या. मला तर भर सभेत पदर ढळल्यासारखं झालं. आणि त्यातही मनात आलं, काकू म्हणाला. इथे मी सगळ्यांची टीचर, नाहीतर अम्मा.

"तो एकटा आहे," मी म्हटलं. "इथे शाळाभर आहेत. लांबच न्या."

दुसरी जागा बघतो, असं त्याने सभेला तमिळमध्ये सांगितलं आणि बसला.

टॉवर शेवटी गावाबाहेर पापनाशमच्या रस्त्याला, भाताच्या शेतात उभा राहिला. आमच्या माडीवर काही फरक पडला नाही. मग मी रविवारी दुपारी बसने त्या टॉवरसमोरच्या थांब्यावर जाऊ लागले. तिथे मुलाचा आवाज शेजारी बसल्यासारखा यायचा. तो आता तमिळमध्येच बोले, पण माझं सगळं समजायचं त्याला. काय रांधलं, गुडघा कसा आहे, घर किती गप्प झालंय, सगळं मी मोठ्याने सांगायची.

फोन लावण्याआधी मात्र थांब्यावरच्या एकेकाचा चेहरा बघून घ्यायची. आधी भीतीने बघायची, कुणाला कळेल म्हणून. पुढे पुढे, कुणाला तरी कळावं म्हणून. एकदा मी बोलत असताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मान वर करून माझ्याकडे रोखून पाहिलं. मी वाक्य अर्धं सोडून थांबले.

त्यांनी तमिळमध्ये विचारलं, कुंभकोणमची बस गेली का?

गेली, म्हटलं, आणि फोन पुन्हा कानाला लावला.