साडेपाचशे वॉट

“परत बोल ना. थांब, रेकॉर्ड करतो. बायकोला ऐकवायचंय.”

असं म्हणून गिऱ्हाइकानं फोन माझ्या तोंडापुढं धरला. भर दुकानात. आणि मी परत बोलले. “सर, कार्ड मोटं हाय. हे एसएमपीएस पुरत नाय. जास्ती वॉटचं घाला.”

तो पोट धरून हसला. मीही हसले. सांगायला लाज वाटते, पण हसले मी.

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी काम करते. गिऱ्हाइकानं निवडलेले पार्ट जोडायचे, चालवून बघायचे, द्यायचे. आम्ही रंगाऱ्यांच्या घरातले. आजोबांपर्यंत कापडं रंगवली. घरात मराठीच, पण अर्धी कन्नड मिसळलेली. हा गिऱ्हाईक पुण्याहून बदली होऊन आलेला साहेब. दिवसा व्हिडिओचं काम, संध्याकाळी गेम, दोन्हीला एकच मशीन हवं होतं. तो मराठी आहे हे कळल्यावर मला केवढा आनंद झाला! कन्नड सोडून, इंग्रजी सोडून मीच मराठीत बोलायला गेले. आपलं माणूस म्हणून.

त्यानं सगळं बजेट ग्राफिक्स कार्डात घातलं. उरलेलं काचेच्या कॅबिनेटात आणि रंगीत लाइटींत. सगळ्या पार्टांना वीज पुरवणारं एसएमपीएस मात्र सगळ्यात स्वस्तातलं, साडेपाचशे वॉटचं. हलक्या कामाला ते चालतं. पण कार्ड जोरात पळायला लागलं की मशीन खाडकन बंद. मी सांगत होते ते एवढंच.

“आधी मराठी शीक,” फोन खिशात घालत तो म्हणाला, “मग मला कॉम्प्युटर शिकव. तू फक्त स्क्रू आवळ.”

मी स्क्रू आवळले.

आमच्याकडं महाराष्ट्रातले पाहुणे यायचे असले की आत्या आधीच दम भरायची, “गप ऱ्हावा पोरींनो. तेंची मराठी खरी. तोंड उघडलं की हसतील.” मग आम्ही पोरी चहा ठेवायचो आणि भिंतीला टेकून मुक्यानं उभ्या राहायचो. त्या दिवशी दुकानातही तशीच उभी राहिले. मालकाला मराठी कळत नाही. आम्हाला हसताना बघून त्याला वाटलं, गावची ओळख निघाली असेल. त्याला कन्नडात दोन वाक्यं सांगितली असती तरी पुरलं असतं. नाही सांगितली.

याहून वाईट पुढं आहे. प्रत्येक मशीन मी दोन तास जड गेम लावून तापवते, मगच देते. त्याचं नाही तापवलं. बंद पडलं असतं तर परत बोलावं लागलं असतं ना! दहा मिनिटं नुसतं चालू ठेवलं आणि पेटीत भरलं.

आठवड्यात तो परत आला. काम अर्ध्यावर असताना मशीन बंद पडलं होतं, फाईल गेली होती. “हिनं काहीतरी चुकीचं जोडलंय!” मराठीत, मग मालकासाठी इंग्रजीत ओरडून दुकान डोक्यावर घेतलं त्यानं. मालक माझ्याकडं वळला. “क्षमे केळम्मा.” माफी माग, बाई. मागितली. मान खाली घालून, दोघांचीही.

तेवढ्यानं त्याचं भागेना. स्लिपवर ‘जोडणीत चूक’ असं लिहून माझी सही हवी होती, म्हणजे नवं एसएमपीएस फुकट. मालकानं स्लिप पुढं केली. सही केली की माझं जोडणीचं टेबल गेलं, हे मला दिसत होतं. तीन वर्षं फोन उचलून, फरशी पुसून मिळवलेलं टेबल. पेन हातात घेतलं आणि डोकं सणकलं.

“नाय करत सही.”

मग मालकाला कन्नडात सगळं सांगितलं. कार्ड किती ओढतं, हे किती देतं, मी काय म्हणाले, हा काय म्हणाला, त्याच्या फोनकडं बोट दाखवून. साहेब “अहो, गंमत केली” म्हणत राहिला.

मालकानं ऐकून घेतलं. आवाज न चढवता विचारलं, “मग बसवलंस कशाला?”

साहेब हसला होता, आत्यानं गप बसायला शिकवलं होतं, सगळं खरं. पण हात माझे होते.

स्लिपवर मी कन्नडात लिहिलं: ‘एसएमपीएस कमी वॉटचं. गिऱ्हाइकाला सांगितलं, तो हसला. चालणार नाही हे माहीत असून मी बसवलं.’ त्याखाली सही केली.

आता मी बिलं फाडते. टेबल परत मिळेल की नाही, मालक बोलत नाही. इथं नाही मिळालं तर दुसरीकडं बघेन. पण न जुळणारे पार्ट मी जोडणार नाही. गिऱ्हाईक पुण्याचं असो की इथल्याच पिरियापट्टणचं, माझ्या तोंडात जी मराठी आहे तिच्यातच सांगेन. हसला तर हसून होईपर्यंत थांबेन, आणि परत सांगेन. तरीही ऐकलं नाही तर म्हणेन, दुसऱ्या कुणाकडनं जोडून घ्या.