‘सेट’नंतरचा वेळ

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी, सकाळी सव्वादहा वाजता, मी धावायला शिकवतो ती मुलगी खालापूरच्या मैदानावर शंभर मीटरच्या पहिल्याच फेरीत बाद झाली. पिस्तूल वाजण्याआधी ती पाय रोवायच्या ब्लॉकमधून सुटली होती. पंचांनी तिच्यासमोर लाल कार्ड धरलं. ती चौथ्या लेनमधून बाहेर आली आणि बाकीच्या सात जणी तिच्याशिवाय धावल्या.

ती जिल्हा संघाची निवड चाचणी होती. प्रत्येक शर्यतीतल्या पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. सतरा वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. दहावीनंतर तिला पुढे शिकवायचं की आईबरोबर फार्महाऊसच्या कामाला लावायचं, हे घरात ठरलेलं नव्हतं. राज्याला गेली तर शहरातल्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळू शकते, एवढं मी तिच्या वडिलांना सांगितलं होतं. शंभर मीटर ही तिची मुख्य शर्यत. आता फक्त दोनशे उरलं होतं. त्यात आधीच्या फेऱ्या नव्हत्या, थेट अंतिम शर्यत चार वाजता होती.

वडील डोंगरपायथ्याच्या वाडीतून कर्जतपर्यंत चालत आणि पुढे आमच्याबरोबर टेंपोने आले होते. मुलीला शर्यतीत धावताना ते पहिल्यांदाच पाहणार होते. त्यांनी हळू आवाजात विचारलं, “एवढी घाई कशाला केलीस गं?”

“घाई नाय केली. सर टाळी देतात तवाच उठली.”

मी दोन पावलांवर उभा होतो.

भिसेगावजवळच्या ज्या मैदानावर आम्ही सराव करतो तिथे पिस्तूल नाही. बिजागरीने जोडलेल्या दोन लाकडी फळ्या आहेत; त्यांच्या आवाजाला मुली टाळी म्हणतात. ‘सेट’ म्हटल्यावर मुली कंबर उचलतात, मी फळ्या आपटतो, त्या सुटतात. तीन वर्षं हे रोज सकाळी चाललं होतं.

मी स्टॉपवॉच घेऊन सुरुवातीच्या रेषेजवळ गेलो. पुढच्या तीन फेऱ्यांत ‘सेट’ आणि पिस्तूल यांच्यामधला वेळ मोजला. तिन्ही वेळा तो वेगळा होता. एकदा दोन सेकंदांहून जास्त. मग मंडपामागे जाऊन बरोबर आणलेल्या फळ्या हातात घेतल्या आणि स्वतःलाच ‘सेट’ म्हणत दहा वेळा आपटल्या. दहाही वेळा दीड सेकंदाच्या आसपास.

मी स्वतः शंभर मीटर धावायचो. सुरुवातीसाठी माझं नाव होतं. आमच्या वेळी पहिली चूक माफ होती. त्यामुळे मी आवाजाची वाट पाहत नसे, मनात मोजून सुटत असे. साधलं तर पुढे, नाही तर परत रेषेवर. पुढे नियम बदलला, पहिल्याच चुकीला बाद. तोवर माझ्या मांडीचा स्नायू फाटला होता आणि मी शिकवायला लागलो होतो. नवा नियम मी दर वर्षी मुलींना समजावून सांगत आलो. हात मात्र जुन्याच मापाने फळ्या आपटत राहिला.

परत येऊन मी दोघांना सांगितलं, “चूक तिची नाही. मी तिला ऐकायला शिकवलंच नाही, मोजायला शिकवलं.”

वडिलांनी चारच्या आत ही सवय सुटेल का, असं विचारलं. मला माहीत नव्हतं, आणि मी तसं म्हणालो.

“मग त्या फळ्या माझ्याकडं द्या,” ते म्हणाले. “मला तुमचं मोजणं येत नाय.”

मैदानामागच्या मोकळ्या जागेत आम्ही एक ब्लॉक ठोकला. पहिल्या चार वेळा ती फळ्यांच्या आधी सुटली. पाचव्या वेळी मी ‘सेट’ म्हणालो आणि वडील रस्त्यावर वळणाऱ्या एसटीकडे बघत उभे राहिले. ती कंबर वर धरूनच ओरडली.

“बा, झोपलास काय रं?”

“तुला काय करायचंय? आवाज आला का?”

“नाय.”

“मग ऱ्हा तशीच.”

एसटी दिसेनाशी झाली तेव्हा त्यांनी फळ्या आपटल्या. ती आवाजानंतर सुटली. त्यानंतरच्या सहांपैकी दोनदा पुन्हा चुकली. पाय थकू नयेत म्हणून मी तीनच्या सुमारास सराव थांबवला.

चार वाजून दहा मिनिटांनी दोनशे मीटरची अंतिम शर्यत लागली. ती तिसऱ्या लेनमध्ये होती. स्टार्टरने ‘सेट’ म्हटलं आणि धरून ठेवलं. मी तिच्या टाचेकडे बघत होतो. सहाव्या लेनमधली मुलगी सुटली. पिस्तूल दोनदा वाजलं, लाल कार्ड निघालं, सगळ्यांना परत बोलावलं. तिसऱ्या लेनमधली टाच हललेली नव्हती.

दुसऱ्या वेळी सुरुवात साफ झाली. ब्लॉकमधून ती सगळ्यांत शेवटी निघाली. वळणावर तिच्यापुढे चार जणी होत्या. सरळ रेषेत आल्यावर दोघी मागे पडल्या. शेवटच्या काही पावलांत ती आणि पाचव्या लेनमधली मुलगी एका ओळीत होत्या. दुसरं कोण यावर शेवटच्या रेषेवरच्या दोन पंचांचं एकमत होईना. ते टेबलाशी गेले. फळ्या वडिलांच्या काखेत होत्या.

पावणेसहाला याद्या लागल्या. दोनशे मीटरच्या यादीत तिचं नाव दुसरं होतं. शंभर मीटरच्या यादीत ते नव्हतं.