आधी बहिणीचं घर

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा आई मेथी निवडत होती. मी सांगितलं. तिनं हातातली जुडी खाली ठेवली नाही. “जवळ कोण होतं?” एवढंच विचारलं. कुणीच नव्हतं, म्हटलं. “बरं,” ती म्हणाली आणि पुढची काडी मोडली. या गोष्टीला आता दोन-अडीच महिने होतील. ज्या मामाबद्दल चांगलं लिहावं असं आमच्या घरात कुणालाच वाटत नाही, त्याच्याबद्दल मी लिहायला बसलो आहे...

सायखेड्याच्या बाजूला, ऊसपट्ट्यातून साखर कारखान्यापर्यंत एका खासगी कंपनीची छोटी रेल्वे चालायची. मामा तिथं इन्स्पेक्टर होता. माझे वडील त्याच लाइनीवर डबे जोडताना दोन डब्यांमध्ये सापडून गेले. त्यानंतर मामानं रुळांच्या कडेला, कंपनीच्या जागेत, आम्हाला दोन खोल्या बांधून दिल्या. गवंड्याबरोबर स्वतः विटा उचलल्या. “बिनघोर राहा, सुमे. मी आहे तोवर तुला इथून कुणी हलवणार नाही.” आमच्या शेजारी लाइनीवरच्या आणखी कितीतरी कामगारांनी घरं बांधली. इन्स्पेक्टरची बहीणच इथं राहते म्हटल्यावर भीती कसली?

पुढं ऊस ट्रकनं जायला लागला. गाडी आधी रखडत चालली, मग बंदच पडली. कंपनी बुडाली आणि सरकारनं रूळ, डबे आणि खालची जमीन सगळंच ताब्यात घेतलं. तिथून मोठा रस्ता जाणार होता. मामालाही सरकारनं नोकरीत घेतलं, आणि जागा मोकळी करायचं काम दिलं ते त्यालाच. कोण कुठं राहतं हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

बुलडोझर आला तो सरळ आमच्या दारात. मी दहावीत होतो, भांडी बाहेर काढत होतो. आई चुलीपुढून उठेना. मामा दारात उभा राहून म्हणाला, “आधी तुझं पाडलं, की बाकीच्यांना बोलायला तोंड राहणार नाही. समजून घे.”

“तव्यावर भाकरी हाय, दादा.”

“तेवढी भाजून घे.”

तो थांबला. भाकरी फुगली, आईनं ती उतरवून पदरात घेतली, आणि मामानं ड्रायव्हरला हात केला. अर्ध्या तासात विटांचा ढीग झाला. त्या विटांकडे तो बघतही नव्हता.

पण लोकांना तोंड होतं. ते बुलडोझरपुढं आडवे झाले, मोर्चे निघाले, पेपरात फोटो आले. शेवटी सरकार नमलं. ज्यांची घरं उभी आहेत त्यांना दुसरीकडे जागा द्यायचं ठरलं. पाहणीला पुन्हा मामाच आला. आई विटांच्या ढिगावर बसून राहिली होती. “माझंबी नाव घाल की.” मामा म्हणाला, “इथं घर कुठं आहे? नाही ते आहे असं मी कसं लिहू?” सबंध लाइनीवर फक्त आमचंच घर पडलं, आणि जागा फक्त आम्हालाच मिळाली नाही. मामाच्या सचोटीचं साहेबांनी कौतुक केलं, म्हणे. रस्ता काही झाला नाही. तिथं आज बाभळी आहेत.

आम्ही नाशकात भाड्याच्या खोलीत आलो. निवृत्तीनंतर मामाही शहरात आला. मामी वारली, मूलबाळ नव्हतं, आणि हळूहळू त्याला विसर पडायला लागला. या श्रावणात तो एका दुपारी अचानक आमच्या दारात उभा राहिला. मी कामावर होतो. हे सगळं मला नंतर आईनंच सांगितलं, एक शब्दही मऊ न करता.

“सुमे, तू इथं परक्याच्या चाळीत काय करते? आपलं घर लाइनीवर ना?”

आई म्हणाली, “तिथंच हाय. जा, बघून ये.”

तो गेला. रात्रभर पाऊस होता. सकाळी एका मेंढपाळाला तो बाभळीत सापडला, चिखलात बसलेला, अंगाला काटे ओरबाडलेले. ‘बहिणीचं घर सापडत नाही’ म्हणत होता. छातीत कफ भरला. दवाखान्यात तो पंधरवडाभर होता. मी रोज जायचो. “सुमी कुठंय?” विचारायचा. आई एकदाही आली नाही. मी हातापाया पडलो तेव्हा म्हणाली, “तेव्हा त्यानं माझी भाकरी तेवढी होऊ दिली. मी त्याला रस्ता तेवढा सांगितला.”

घर पाडल्यानंतरही मामा दर भाऊबीजेला यायचा, हे सांगायचं राहिलं. आई त्याला घरात घेत नसे. बाहेर गॅलरीत, चपलांच्या शेजारी पाट मांडायची, तिथंच ओवाळायची, तिथंच ताट वाढायची. येणारेजाणारे बघायचे. तो मुकाट जेवायचा आणि जायचा. एकही वर्ष चुकलं नाही.

परवाच्या भाऊबीजेला मी उठून पाहतो तर पाट बाहेर मांडलेला, ताट वाढलेलं, वरणावर तुपाची धार. आई उंबऱ्याच्या आत बसलेली. मला राहवलं नाही. म्हटलं, “आई, निदान आता तरी पाट आत घेऊ?”

“राहू दे,” ती म्हणाली. “आत आला तर परत जायचा नाय.”