तळहातावरचं पेट्रोल

दहावीचा निकाल लागला आणि चंद्रपूरच्या वसतिगृहाचा अर्ज आमच्या घरी फळीवर पडून राहिला. बाबांची सही तेवढी बाकी होती. विचारलं की म्हणायचे, "पाहू." गावात दहावीपुढे शाळा नव्हती. सही झाली नाही, तर माझं शिक्षण तिथंच संपणार होतं.

बाबा सरकारी जीपचे ड्रायव्हर. आमचं गाव आलापल्लीच्या पुढे जंगलात, पेट्रोलपंप फार लांब. म्हणून ऑफिसच्या शेडमध्ये गोडेतेलाच्या रिकाम्या पिप्यांत पेट्रोल भरून ठेवत. कंदिलांसाठीचं रॉकेलही शेजारीच, तसल्याच पिप्यांत. चिठ्ठ्या चिकटवल्या तर वाळवी खायची. रंगानं खूण करावी असं कुणाला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल तर रंग मंजूर झाला नसेल.

आठवीनंतरच्या उन्हाळ्यात बाबांनी मला पेट्रोल भरायला शिकवलं होतं. मला खरं तर गाडी चालवायला शिकायचं होतं. "आधी तिले जेवू घालाले शीक," ते म्हणाले. टाकीला पत्र्याची चाडी, म्हणजे नरसाळं, लावायची, तिच्यावर आईच्या जुन्या लुगड्याचा चौपदरी तुकडा धरायचा आणि पिपा मांडीला टेकवून बारीक धारेनं ओतायचं. पण त्याआधी वास घ्यायचा.

"नाक लाव. काय आहे?"

मी "पेट्रोल" म्हटलं की मगच ते ओतू द्यायचे. दर वेळी हेच. मला वाटायचं, माझी परीक्षा घेतात. पोरीवर एवढा भरवसा टाकणारा बाप गावात दुसरा नाही, असा माझा तोराही होता.

निकालानंतरच्या आठवड्यात मला सर्दी झाली. साहेबांना सकाळीच दौऱ्यावर निघायचं होतं. पिप्याला नाक लावलं तर काही कळेना. बाबा शेजारीच उभे आहेत, त्यांना येतोच आहे की वास, असं मनाशी म्हणून मी "पेट्रोल" सांगून मोकळी झाले. जीप नाल्यापर्यंत गेली, धूर ओकून बंद पडली आणि दुपारी बैल जुंपून परत आली. टाकीत रॉकेल निघालं.

"इतक्या जुन्या माणसाला रॉकेल ओळखता येत नाही?" साहेबांनी विचारलं.

"चुकलं, साहेब," बाबा म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

घरी मीच तोंड सोडलं. "मले सर्दी होती. तुमाले काऊन नाई आला वास?"

बाबा हात धूत होते. धूतच राहिले. मग म्हणाले, "मले दोन सालापासून वासच येत नाई, बाई. त्या तापात गेला. साहेबाले समजलं तर गाडीवरून उतरवतीन."

मला शेजारची सुकट आठवली, जिच्या वासानं सगळी आळी उठायची आणि बाबा ढिम्म. आंबलेलं वरण निमूट जेवलेले बाबा आठवले. परीक्षा वगैरे काही नव्हती. त्यांना माझं नाक हवं होतं.

"म्हणून सही नाई करून राह्यले?"

त्यांनी पुन्हा साबण हातात घेतला. मला राग आला. दया नंतर आली, खरं सांगायचं तर बरीच नंतर.

पण रागात डोकं चालतं. पेट्रोल भरताना हातावर सांडलं की गार लागायचं, हे मला रोजचं होतं. दोन दिवसांनी मी बाबांना शेडमध्ये नेलं, डोळे मिटायला लावले आणि दोन्ही तळहातांवर एकेक थेंब टाकला.

"हे थंड लागते ना? फुंका. उडालं. आता दुसरं चोळा."

"चोपडंच आहे."

"हे रॉकेल."

पहिल्या दिवशी ते दोनदा चुकले, कारण हाताला ग्रीस होतं. "आधी साबणानं हात धुवा," मी त्यांच्याच आवाजात दटावलं. आठवडाभर मी विचारायची, "काय आहे?" आणि उत्तर बरोबर आल्याशिवाय ओतू द्यायची नाही. आठव्या दिवशी त्यांनी शेडमधूनच मला अर्ज आणायला सांगितला आणि पिप्यावर ठेवून सही केली.

चंद्रपूरला वसतिगृहाच्या बाईंनी अर्ज हातात घेतला आणि नाक मुरडलं. "याला कसला वास मारतोय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी टेबलावरच्या कागदावर हात ठेवला, सहीजवळच्या डागावरून अंगठा फिरवला आणि दोन बोटांत चोळून पाहिलं.

"रॉकेल आहे, बाई," ते म्हणाले.

ते त्यांनी मला सांगितलं होतं, बाईंना नाही. मला तिथंच रडू आलं. बाईंना वाटलं, पोरीला घर सोडवत नाही.