इंजिनाची नाडी

भोसरीत मन्सूर मिस्त्रीला लोक हकीम म्हणायचे. गिऱ्हाईक गाडी चालू करून सांगायचं, "आवाज ऐका जरा." मन्सूर उजव्या हाताची बोटं इंजिनावर टेकवायचा, डोळे मिटायचा आणि कुठलं बेरिंग गेलं ते सांगायचा. "काय हकीम, लागली का नाडी?" असं कुणी विचारलं की हसायचा. प्रश्न त्याला ऐकू आलेला नसे. समोरचा हसतोय एवढं दिसलेलं असे.

कान पिंपरीच्या एका कारखान्यात गेले होते. तिथे हॅमरशॉपात मन्सूर सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि त्याचा जोडीदार भीमराज यांत्रिक घणाचा दांडा ओढायचा. त्या दणक्यात बोलणं नव्हतंच. सांडशी उजव्या हातात, कमरेशी दाबलेली. डावा हात वर. डावा वर तोवर घण वर. डावा खाली आला की घण खाली. भीमराजने मन्सूरच्या तोंडाकडे कधी पाहिलं नाही. तोंड उघडून उपयोग नव्हता, म्हणून मन्सूरही उघडत नसे. भाजलं तरी.

कान गेल्यावर कंपनीने काढलं. मग त्याने भोसरीत रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली, मागे खोली. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण देणार? बायको रोशनबी आणि मेहुणा सरदार यांच्यापलीकडे त्याने ते जाऊ दिलं नाही. भीमराजला सांगायची गरज नव्हती. त्याचेही कान निम्मे गेलेच होते; समोर तोंड करून बोललं तरच कळायचं.

शहात्तर साली भीमराज बेबी हिंदुस्तान नावाची एक जुनी छोटी मोटार ढकलत घेऊन आला. राहिलेले कान जायच्या आत घणावरून उतरायचं आणि भोसरी-चाकण प्रवासी नेत सीटा मारायच्या, असा त्याचा बेत होता. पण गाडी चढाला धापा टाकायची. भंगारवाल्याकडून त्याने चेपलेल्या अँबेसिडरचं इंजिन उचललं होतं. वयाने लहान, अंगाने मोठं.

"बसंल का, मन्सूरभाई?"

मन्सूरने ओठ वाचले. "बसंल न्हाई. बसवावं लागंल."

त्याने गाडीची पुढची आडवी पट्टी कापली, रेडिएटर पुढे सरकवला. इंजिन टेकायला जाड पत्र्याचे नवे टेकू कापले, घासले, बसवून पाहिले, काढून पुन्हा घासले. भीमराज म्हणाला, "आता पुरं की राव, लगीन लावायचंय का तिचं?" मन्सूरने कानस थांबवली नाही.

इंजिन उतरवायच्या दिवशी सरदार महाळुंग्याला लग्नाला गेला होता. साखळीच्या कप्पीवर एरवी तोच असे, आणि वाकून पाहिल्याशिवाय एक कडी सोडत नसे.

"सरदार येऊ द्या," रोशनबी म्हणाली. "आजचा दिवस थांबा."

"भीमराज हाय की. माझा हात त्याच्याएवढा कुणाला कळतो?"

"वैनी, आमी घणाखाली दिवस काढले," भीमराज म्हणाला. "ही तर साखळी."

इंजिन लटकत खाली आलं. मन्सूर बॉनेटखाली वाकून उजव्या हाताने टेकूची भोकं चाचपत होता. डावा हात वर. डावा खाली येई, भीमराज साखळी सोडी. वर जाई, थांबे. दोघांना जुने दिवस आठवले असावेत, इतकं ते सरळ चाललं होतं.

मग इंजिनाची मागची बाजू गाडीला घासून फिरली. ती सावरायला मन्सूरचा डावा हात आपसूक खाली गेला.

भीमराजने हात खाली आलेला पाहिला आणि साखळी सोडली.

रोशनबी दारातून ओरडली. शेजारच्या लेथवाल्याने मशीन बंद केलं, एवढ्याने ओरडली. त्या दोघांना सोडून सगळ्यांना ऐकू गेलं. मन्सूरने तोंड उघडलं नाही. डावा हात वर केला. भीमराज थांबला आणि पुढच्या इशाऱ्याची वाट बघत उभा राहिला. इंजिनाचा सगळा भार मन्सूरच्या उजव्या हाताच्या बोटांवर होता. रोशनबीने धावत येऊन भीमराजचा दंड ओढला, तेव्हा त्याला कळलं.

दवाखान्यात तीन बोटं काढली.

इंजिन पुढे सरदारने बसवलं. टेकूचं एक भोकही चुकलं नव्हतं. मन्सूरची पट्टी निघाल्यावर भीमराज गाडी घेऊन आला. शेडमध्ये एकजण स्कूटर घेऊन थांबला होता.

"चढाला काहीतरी अडखळतंय," भीमराज तोंड समोर धरून म्हणाला. "बघ जरा."

मन्सूरने डावा हात इंजिनावर ठेवला. डोळे मिटले. हात सरकवला, पुन्हा ठेवला. थरथर होती. नुसती थरथर. कुठून येतेय ते सांगणारी बोटं दवाखान्यात राहिली होती.

त्याने डावा हात वर केला. बंद कर.

भीमराज हलला नाही. त्या दिवसापासून तो कुणाच्या हाताच्या इशाऱ्यावर काम करत नव्हता.

"तोंडानं सांग, मन्सूरभाई."

स्वतःचा आवाज ऐकू न येणारा माणूस बोलतो तेवढ्या मोठ्याने मन्सूर बोलला.

"मला ऐकू येत न्हाई, भीमराज. हातावर भागत हुतं. आता हातालाबी कळत न्हाई."

भीमराजने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. स्कूटरवाल्याने दोघांकडे पाहिलं, स्टँड काढला आणि स्कूटर ढकलत पुढच्या गॅरेजकडे निघून गेला.