वर्णक्रमाने लावलेली रांग

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्या डोळ्याने काहीच दिसत नव्हते, डाव्याने दार कुठे आणि भिंत कुठे एवढे कळायचे. कर्नाटकातल्या राजेश्वर गावी आमच्या घरात काकूचीही तीच अवस्था होती. बसवकल्याणला बाहेरच्या एका धर्मादाय रुग्णालयाचे मोतीबिंदू शस्त्रक्रियेचे मोफत शिबिर अधूनमधून भरायचे. संध्याकाळी डॉक्टर निघून जात. तोवर ज्यांची पाळी आली नाही, त्यांनी पुढच्या शिबिराला यायचे.

आई उदगीरकडची, मराठी शाळेत शिकलेली. काकू आळंदची, कन्नड शाळेतली. एका चुलीवर जेवणाऱ्या दोघींनी दोन लिप्यांत सही करावी, याचे आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. अंगठा उठवायला मात्र दोघींचाही नकार. नोंदणीच्या टेबलावरची मुलगी सही बघून त्याच लिपीत नाव टॅबवर टाकायची. पुढे झालेला सगळा घोटाळा तिने केला, असे रुग्णालयाने नंतर सांगितले. ते खोटे होते.

पहिल्या शिबिरात आईला लवकर बोलावले, पण रक्तातली साखर वाढलेली निघाल्याने डॉक्टरांनी परत पाठवले. काकूची पाळी आलीच नाही. कन्नडमध्ये नाव असलेले सगळे यादीत शेवटी होते. लोकांनी तक्रार केली. रुग्णालयाने दुरुस्ती केली.

दुसऱ्या शिबिरात काकूला सकाळीच आत घेतले. आईची साखर आता ठीक होती, नोंदणीही काकूच्या आधीची. ती संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिली. तिच्या आजूबाजूला उरलेल्या सगळ्यांची नावे देवनागरीत होती.

“मराठीवाल्यांना मुद्दाम मागं टाकायलेत,” एकजण ओरडला.

“मग लातूरला जायाचं की! इथं कामून आलास?” दुसऱ्याने टोला हाणला. चारजण हसले. पहिल्याने बाही सावरली.

मी टेबलाकडे निघालो, तर डोळ्यावर पट्टी बांधलेली काकू मागून बोलली, “गेल्या खेपेला मी परत आले, तवा कुठं भांडलास रे? मशीनचं काम हाय काकू, म्हणलास.”

टेबलावरच्या माणसाने हात वर केले. “अण्णा, यादी मी करत न्हाई. कॉम्प्युटर करतो.” त्याने यंत्रणा बसवणाऱ्याचा फोन लावून दिला.

त्या गृहस्थाने शांतपणे समजावले. कॉम्प्युटरच्या लेखी प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. त्यात देवनागरी आधी येते, कन्नड बरीच नंतर. डेटाबेसला भाषा सांगितली नव्हती, म्हणून पहिली यादी त्या क्रमांकांवर लागली. तक्रारीनंतर त्यांनी भाषा कन्नड केली. त्या सेटिंगमध्ये कन्नड लिपी सर्वांत आधी, बाकीच्या तिच्या मागे.

“क्रम अचूक आहे, सर,” तो म्हणाला.

“नोंदणीची वेळ साठवली आहे का?”

“आहे ना.”

“मग त्या वेळेनुसार बोलवा.”

“त्याला वरून मंजुरी लागेल.”

क्रम अचूक होता, हे मला मान्य आहे. वर्णक्रम नाव चटकन सापडावे म्हणून असतो. शब्दकोशात ‘ह’ शेवटी येतो म्हणून हत्तीला सगळ्यांत शेवटी चारा घालत नाहीत. इथे एका कार्यालयात कुणीतरी नावे शोधायची सोय उचलून माणसांच्या पाळीला लावली. ओरड झाल्यावर पाळीची पद्धत बदलली नाही, फक्त मागे राहणारी माणसे बदलली. त्यालाच दुरुस्ती म्हटले. शिबिराच्या अंगणात दोन भाषांची माणसे एकमेकांच्या अंगावर जात होती, तेव्हा हे करणारा तिथे नव्हता. त्याचे नाव कुठल्याच यादीत नव्हते. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात शिबिर यशस्वी झाल्याची बातमी आली.

मंजुरीसाठी मी अर्ज केला. उत्तर आले नाही. पुढच्या शिबिराआधी आईला डाव्या डोळ्यानेही दार सापडेनासे झाले. ती चौकटीवर आपटली, कपाळ सुजले.

तेव्हा काकू म्हणाली, “अक्का, औंदा सही नगं. तुमचं नाव मी कन्नडात लिहून देते. तुम्ही नुसता अंगठा करा.”

“मी शाळा शिकलेली हाय,” आई म्हणाली.

“व्हय, शिकल्याव. पण दिसायलंय का?”

शिबिरात नोंदणीच्या टेबलावर आईने अंगठा पुढे केला. काकूने तो धरून शाईत टेकवला. आईला सकाळीच आत बोलावले.

पट्टी निघाली तेव्हा आईने आधी नोंदणीचे कार्ड मागितले. डोळ्यांपासून लांब धरले, जवळ आणले, पुन्हा लांब धरले.

“हे कुणाचं हाय?”

“तुमचंच की, अक्का.”

आईने नावाच्या कन्नड ओळीवरून बोट फिरवले. खाली जांभळा ठसा होता, तिथे ते थांबले.

“एवढंच वळखू यायलंय,” ती म्हणाली आणि कार्ड उलटे करून मांडीवर ठेवले.